'एकच प्याला'तून तळीराम कापावा का?

प्रश्न : हौशी संघासाठी राम गणेश गडकऱ्यांचं 'एकच प्याला' अडीच तासांत बसवतोय. तळीरामाचे प्रवेश काढले तर शोकांतिका जास्त टोकदार होईल का?

नाही, बोथट होईल. वकिलीची सनद गेल्यावर चडफडणाऱ्या नायकाच्या, सुधाकराच्या हातात पहिला पेला त्याचा कारकून तळीरामच देतो. तो गेला की सुधाकर आपोआप बिघडलेला दिसतो, आणि मग उरतं दारूबंदीचं प्रचारनाट्य.

वेळ दुसरीकडून काढा. सुधाकराचा मित्र रामलाल आणि बहीण शरद यांचं उपकथानक निम्म्यावर आणा. भगीरथ मात्र ठेवा, कारण दारूतून बाहेर पडता येतं हे दाखवणारा तोच एक आहे. गडकऱ्यांच्या लांब स्वगतांत एकाच कल्पनेवर चार-चार उपमा येतात. त्यातली सर्वात जोरकस एक ठेवा. पदं पाच-सहा पुरेत, प्रत्येकी दोन-अडीच मिनिटं. १९१९ साली बडोद्याला गंधर्व मंडळीने पहिला प्रयोग केला तेव्हा सुधाकराची बायको सिंधू बालगंधर्वांनी केली होती. तुमच्याकडे तसा गळा नसेल तर ताना नकोत. 'कशि या त्यजू पदाला' मात्र हवंच, सिंधू माहेरी का जात नाही ते त्यात आहे.

आता खरी अडचण. पाचव्या अंकात प्रेक्षक भलत्या ठिकाणी हसतात. कारण बहुतेक वेळा एकच : तळीराम आणि सुधाकर दोघेही सारखेच झोकांड्या खातात. तळीरामाला झुलवूच नका. तो कारकुनी टापटिपीचा, झरझर बोलणारा हवा. आर्यमदिरामंडळाची, म्हणजे नाटकातल्या दारुड्यांच्या मंडळाची बैठकही खरीखुरी सभा असल्यासारखी, गंभीर चेहऱ्याने करा. विनोद तिथल्या बिनतोड वाटणाऱ्या युक्तिवादात आहे, तोंड वाकडं केलं की तो मेला. सुधाकराचं पिणं अंकागणिक बदलू द्या : आधी आवाज चढतो, मग हात थरथरतात, पाय शेवटी जातात.

तळीरामाच्या आजारपणातली वैद्य-डॉक्टरांची जुगलबंदी थोडी छाटलीत तरी चालेल, पण हशा पूर्ण विरायच्या आत पुढचा प्रवेश उघडा. मध्ये लांब काळोख केलात की दोन वेगळी नाटकं वाटतात.

पेल्यात पातळ कोरा चहा भरा. सरबत दिव्याखाली सरबतच दिसतं. पहिल्या अंकातला पेलाच शेवटच्या विषाच्या प्याल्यालाही वापरा, काचेचा असेल तर जोडीला तसाच एक राखीव ठेवा. बाळाच्या मृत्यूच्या वेळी सुधाकराची पाठ प्रेक्षकांकडे हवी. कापडी बाहुलीवर काठी पडताना समोरून दिसली तर हमखास कोणीतरी खुदकन हसतं, आणि त्यानंतर फौजदारासमोर सिंधूने नवऱ्याला सांभाळून घेणं वाया जातं.