प्लॅन वाढवून मिररिंग सुधारणार नाही

ताई, रामबागेतल्या जुन्या घरात फोनचा स्क्रीन वायफायवरून टीव्हीवर घेतला (यालाच मिररिंग म्हणतात) की चित्र अडखळतं, आवाज मागे राहतो, म्हणून तुम्ही इंटरनेटचा १०० एमबीपीएसचा प्लॅन २००चा केलात आणि फरक शून्य. पडणारही नव्हता. फोनमधलं लग्नाचं शूटिंग टीव्हीवर दाखवताना ते घराबाहेर जातच नाही. राउटरमार्फत मिररिंग होत असेल तर फोनवरून राउटरला, राउटरवरून टीव्हीला, बस. दोन्ही फेऱ्या वायफायच्या एकाच चॅनलवरून, म्हणजे एकाच वाटेवरून, झाल्या तर ते रात्री दहाला इंदूरच्या खचाखच भरलेल्या सराफ्यात दोनदा शिरणं. शेजाऱ्यांचे राउटर त्याच गर्दीत असतात.

तेव्हा सेटिंग नंतर, आधी टीव्हीच्या मागे लॅन पोर्ट, म्हणजे नेटवर्क केबल लावायची जागा, आहे का बघा. असेल तर राउटरपासून केबल ओढा, म्हणजे दोनातली एक फेरी वायफायवरून सुटते. हे पोर्ट बहुतेक टीव्हींत १०० एमबीपीएसचंच असतं, पण मिररिंगला भरपूर झालं. दिसायला वायर वाईट दिसते, मान्य. तरी माझं मत केबललाच.

केबल जमत नसेल तर ब्राउझरमधून राउटरच्या सेटिंगच्या पानावर जा, पत्ता आणि पासवर्ड त्याच्या बुडाशी चिकटवलेला असतो. २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या वायफायच्या दोन पट्ट्यांना वेगवेगळी नावं द्या आणि फोन, टीव्ही दोन्ही ५वर जोडा. जाड भिंती ५ला झेपत नाहीत, म्हणून राउटर टीव्हीच्याच खोलीत, उघड्यावर हवा. चॅनल ऑटोवर न सोडता ३६ किंवा १४९ ठेवून पाहा, चॅनलची रुंदी ४० मेगाहर्ट्झ. ५२ ते १४४ टाळलेले बरे. तिथे रडारला आधी वाट द्यावी लागते, नुसती शंका आली तरी राउटर चॅनल सोडतो आणि चित्र मध्येच तुटतं. टीव्ही फक्त २.४वालाच निघाला तर १, ६, ११ पैकी मोकळा चॅनल घ्या, रुंदी २०च.

फोनला टीव्ही सापडतच नसेल तर ती वेगळी भानगड. दोघांपैकी एक जण गेस्ट वायफायवर (पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या नेटवर्कवर) असेल, नाहीतर एपी आयसोलेशन, म्हणजे वायफायवरच्या उपकरणांना एकमेकांशी बोलू न देणारी सेटिंग, चालू असेल. इंटरनेट कंपनीच्या डब्यापुढे स्वतःचा राउटर लावलाय? मग तो ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका, म्हणजे दोन वेगळी नेटवर्कं न होता सगळं एकाच नेटवर्कवर येतं.

आणि यूट्यूबसाठी मिररिंग कशाला? ॲपमधलं कास्टचं बटण दाबा, टीव्ही स्वतःच व्हिडिओ ओढून घेतो, फोन मोकळा. मिराकास्ट (थेट मिररिंगची एक पद्धत) असलेल्या फोनमध्ये तर फोन टीव्हीशी थेट बोलतो, चित्र राउटरमधून जातच नाही. म्हणून टीव्हीचं मॉडेल, फोनचं मॉडेल आणि राउटर कुठल्या खोलीत आहे एवढं लिहा, मग पुढचं सांगतो.