टीईएम म्हणतं 20, सॅक्स म्हणतं 13, मग खरं काय?

प्रश्न: मी पुण्यात एमएस्सी फिजिक्स करतेय. प्रोजेक्टसाठी सिलिकाचे नॅनोपार्टिकल्स बनवलेत, पाण्यात आहेत. टीईएमच्या (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या) फोटोत डायमीटर 20 नॅनोमीटर दिसतोय, पण सॅक्सच्या (लहान अँगलला विखुरलेल्या एक्स-रेवरून कणाचा आकार काढतात त्या पद्धतीच्या) ग्विनिए फिटमधून, म्हणजे सगळ्यात लहान अँगलच्या डेटावर मारलेल्या सरळ रेघेतून, आरजी 13 नॅनोमीटर आलाय. डेटा क्यू (स्कॅटरिंगच्या अँगलचं माप) 0.1 पर नॅनोमीटरपासून सुरू होतो. गाईड म्हणतात टीईएमचाच आकडा टाक. टाकू का?
— एक विद्यार्थिनी, पाषाण

उत्तर: अगं, आरजी म्हणजे डायमीटर नव्हे, ती रेडियस ऑफ जायरेशन, कण केंद्रापासून सरासरी किती दूर पसरलाय त्याचं माप. भरीव गोळ्याची त्रिज्या आरजीच्या 1.29 पट असते, म्हणजे तुझ्या 13 चा डायमीटर झाला जवळपास 34, आणि 20 च्या गोळ्याचा आरजी यायला हवा होता 7.7. तुला सॅक्सचा आकडा छोटा वाटतोय, तो चांगलाच मोठा आहे.

त्यात ग्विनिए फिट चालतो कुठवर, तर क्यू गुणिले आरजी 1.3 च्या आत असेपर्यंतच. आरजी 13 धरला तर क्यूची मर्यादा येते 0.1 आणि तुझा पहिला पॉइंटच तिथे, म्हणजे जिथे रेघ मारायची तिथे तुझ्याकडे डेटाच नाही, सॉफ्टवेअर काय, सांगितलं की मारून देतं रेघ. तो 13 खोडून टाक.

पण आकडा फुगला त्याला कारण असणार, आणि मला तरी कण एकमेकांना चिकटून झालेल्या गुठळ्यांचा संशय येतोय. शून्य अँगलजवळ कणाचं स्कॅटरिंग त्याच्या आकाराच्या सहाव्या घाताने वाढतं, 40 नॅनोमीटरचा एक कण 20 च्या 64 कणांएवढा चमकतो. विसर्जन मिरवणुकीत ढोल पथकापुढे बासरी वाजवून बघ, तसंच. टीईएममध्ये मात्र तू एकेक कण मोजतेस, तेही मोजकेच आणि वाळलेल्या ग्रिडवरचे, त्यामुळे गुठळीतला कणसुद्धा 20 चाच मोजला जातो.

लॉग-लॉग ग्राफ काढ. डावीकडे कर्व्ह सपाट न होता वरच चढत असेल तर गुठळ्या आहेत असं समज (नुसत्या पाण्याचं बॅकग्राउंड त्याच कॅपिलरीत घेऊन वजा केलंयस ना?). मग सॅम्पल सोनिकेट कर (अल्ट्रासाउंडने गुठळ्या फोड), हलकं सेंट्रिफ्यूज करून वरचं पाणी घे, परत मोज. 0.2 मायक्रॉनच्या फिल्टरवर विसंबू नकोस, 40-50 नॅनोमीटरच्या गुठळ्या त्यातून आरामात जातात. इंदूरला इंडस-2 या सिंक्रोट्रॉनवर (प्रखर एक्स-रे देणाऱ्या मोठ्या यंत्रावर) बीमटाइम, म्हणजे मोजायला वेळ, मागायची घाईही नको, सॅम्पलच तसं असेल तर तिथेही तेच दिसणार. आरजी 7.7 च्या आसपास उतरला तर 0.1 ते 0.17 एवढाच भाग फिटला घे आणि दोन्ही आकडे टाक. नाहीच उतरला तर गाईडना तो चढता कर्व्ह दाखव, कारण पाण्यात खरंच काय आहे ते फोटोपेक्षा तोच जास्त सांगतोय.