भातगिरणीत वाइनरी

प्रश्न : मुरबाडजवळ आजोबांची जुनी भातगिरणी आहे. काळ्या दगडाच्या भिंती, सागवानी माळा, मंगलोरी कौलं. तिथे जांभळाची वाइन करायचा विचार आहे. टाक्या माळ्यावर ठेवल्या तर चालतील? – एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : माळ्यावर मुळीच नको! हजार लिटरची भरलेली टाकी टनाच्या वर जाते. टाक्या खालीच ठेवा, नव्या काँक्रीटच्या चौथऱ्यावर. फरशीला गटाराकडे उतार हवा. वाइनरीत निम्मं काम धुण्याचंच असतं.

भिंतींना सिमेंटचा गिलावा नको, गवंडी कितीही मागे लागला तरी. ओल आत कोंडते आणि दोन पावसाळ्यांत पोपडे निघतात. चुनाच लावा. सागवान ब्लीचिंग पावडरने धुऊ नका. क्लोरीन आणि बुरशी मिळून असा कुबट वास तयार होतो, की तो वाइनमध्ये उतरला की जात नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, पण मला खरी धास्ती हवेची वाटते. रस फसफसताना निघणारा कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, खालीच साचतो. जाड भिंतींची बंद खोली म्हणजे पडकी विहीरच. जमिनीलगत एक्झॉस्ट पंखा आणि गॅसचा अलार्म बसवा, आणि आत एकट्याने उतरू नका.

राज्य उत्पादन शुल्क खात्याच्या परवान्याची चौकशी मात्र गवंड्याला बोलावण्याआधी करा.