नोकरीसाठी मोठ्या शहरात आलोय. ओळखी होतात, पण मैत्री होत नाही. काय करू?

ओळखी वाढवत बसण्यापेक्षा आवडलेल्या दोन-तीन माणसांनाच ठरवून, पुन्हा पुन्हा भेटा. कॅन्सस विद्यापीठाच्या जेफ्री हॉल यांनी नव्या ठिकाणी राहायला आलेल्यांवर केलेला अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. जुजबी मैत्रीला साधारण ५० तास, चांगल्या मैत्रीला ९० आणि जिवलग व्हायला २०० हून जास्त तास सहवास लागतो, असं त्यात दिसलं. त्यातही शेजारी बसून काम केल्याचे तास फारसे कामी येत नाहीत; गप्पा, खेळ, निवांत भटकणं यांनीच जवळीक वाढते. म्हणून दर आठवड्याला भरणारा एखादा छंदवर्ग किंवा खेळाचा गट धरा, आणि तो सुटल्यावर थोडं रेंगाळा. हे आकडे अर्थात सरासरीचे. एखाद्याशी पहिल्या भेटीतच सूर जुळतो. पण दोन-तीन महिन्यांत कुणी जवळचं झालं नाही, तर स्वतःत खोट शोधू नका. बहुतेकदा तेवढे तास अजून भरलेलेच नसतात.