लूकच्या नवव्या अध्यायातलं गाव

"मला मुसलमानांचा राग नाही हो, भीती वाटते. आणि भीती वाटते म्हणून अपराधी वाटतं. ख्रिस्ती माणसानं प्रेम करायचं की सावध राहायचं?"

शब्द थोडेफार बदलतात, प्रश्न हाच असतो. कुठे अतिरेकी हल्ला झाला की पुढच्या काही दिवसांत तो घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला येणारे वाढतात. खालची गोष्ट तीन-चार जणांच्या बोलण्यातून एकत्र केलेली आहे, म्हणजे कुणाची ओळख पटायला नको.

या बाई चर्चमध्ये संडे स्कूल घेणाऱ्या. बायबलची वचनं तोंडपाठ. सहा महिन्यांपूर्वी समोरच्या घरात एक मुस्लिम कुटुंब राहायला आलं. तेव्हापासून शेजारीण जिना उतरून जाईपर्यंत या दाराआड थांबायच्या.

पहिल्या भेटीत प्रेमाची वचनं काढायची नाहीत, हा माझा नियम. घाबरलेल्या माणसाला ती दटावणीसारखी ऐकू येतात. भीती आधी पूर्ण सांगून व्हावी लागते. म्हणून मी एवढंच विचारलं, "शेवटचं काय पाहिलंत?"

त्यांनी फोनवरचा व्हिडिओ सांगितला. लिबियाचा समुद्रकिनारा, फेब्रुवारी 2015, नारिंगी कपड्यांतले 21 ख्रिस्ती पुरुष आणि आयसिस या अतिरेकी संघटनेनं केलेली त्यांची हत्या.

"किती वेळा पाहिलात?"

"मोजलं नाही."

"तो ज्यांनी काढला त्यांनी त्यावर 'क्रुसाच्या राष्ट्राला संदेश' असं लिहिलं होतं. म्हणजे प्रेक्षक म्हणून त्यांना तुम्हीच हव्या होत्या. आणि तुम्ही समोरच्या दाराकडे संशयानं पाहावं, हेही त्यांना हवंच होतं."

यावर त्या बराच वेळ बोलल्या नाहीत.

त्या आठवड्यापुरतं काम ठरलं. हत्येचे व्हिडिओ अजिबात नाहीत. बातम्या दिवसातून दोनदा, पंधरा मिनिटं, बघायच्या नाहीत, वाचायच्या. झोपेआधीच्या तासात तर नाहीच. आलेला प्रत्येक मेसेज पुढे पाठवण्याआधी तीन प्रश्न: तारीख कुठली, ठिकाण कुठलं, पहिल्यांदा कुणी सांगितलं? एकाचंही उत्तर मिळालं नाही तर पुसून टाकायचा. "मी तर फक्त सावध करत होते," त्या म्हणाल्या. बायबलच्या दहा आज्ञांमधली शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको ही आज्ञा बहुतेक प्रोटेस्टंट गणनांत नववी येते आणि कॅथलिक गणनेत आठवी. क्रमांक कुठलाही धरा, बोटानं पुढे ढकललेली साक्षही साक्षच.

रात्री बायबलमधलं 55 वं स्तोत्र वाचायला सांगितलं. त्यात भीती, थरकाप, पंख असते तर उडून गेलो असतो ही इच्छा, सगळं न लाजता देवापुढे मांडलेलं आहे. सोबत एक कागद: माझी भीती नेमकी कुणाची? 'त्यांची' हे उत्तर चालणार नाही. संघटनेचं नाव लिहायचं, तिनं काय केलं ते लिहायचं. त्याच कागदावर मी एक ओळ घालायला सांगितली. सप्टेंबर 2014 मध्ये 120 हून अधिक मुस्लिम विद्वानांनी आयसिसच्या म्होरक्याला खुलं पत्र लिहून त्याची कृत्यं इस्लामविरोधी ठरवली होती. हे त्यांच्या कानावर कधी आलंच नव्हतं.

तिसऱ्या भेटीत त्या चिडून आल्या. "आमच्या चर्चचे पाळक म्हणतात, चांगला शोमरोनी आठवा. मी तो दरवर्षी मुलांना शिकवते! पण तो चांगला होता. वाईट निघाला असता तर?"

हा लूकच्या शुभवर्तमानातल्या दहाव्या अध्यायातला येशूचा दृष्टान्त: लुटून अर्धमेल्या टाकलेल्या प्रवाशाला त्याचे धर्मबांधव टाळून जातात, आणि यहुदी ज्यांना परके मानत त्या शोमरोन्यांपैकी एक त्याला वाचवतो. मी बायबल पुढे केलं. "एक अध्याय मागे जा. लूक 9, 51 पासून वाचा."

त्यांनी मोठ्यानं वाचलं. येशू यरुशलेमेला निघाला आहे. शोमरोन्यांचं एक गाव त्याला आत घेत नाही. याकोब आणि योहान विचारतात, आकाशातून अग्नी पाडून यांना भस्म करू का? तो त्यांना दटावतो आणि सगळे दुसऱ्या गावाला जातात.

त्यांनी पान उलटलं, परत मागे आल्या. "म्हणजे दार बंद करणारे शोमरोनी होते, हे त्याला माहीत होतं."

"अनुभव ताजा होता."

"आणि तरी पुढच्याच अध्यायात…" त्या थांबल्या. "त्या गावाचा हिशेब या माणसाच्या नावावर लिहिला नाही."

वाक्य त्यांचं आहे, मी सुचवलेलं नाही. पण हे दोन अध्याय शेजारी ठेवून वाचायला द्यावेत, हे मला बऱ्याच वर्षांनी सुचलं आणि त्यानंतर इतकं उपयोगी दुसरं काही सापडलेलं नाही. येशू गावाचं वागणं झाकत नाही. तिथे बळजबरीनं शिरत नाही, म्हणजे सावधपणाही आलाच. फक्त अग्नी मागत नाही. प्रेम की सावधगिरी हा प्रश्नच त्या पानावर विरघळतो, कारण तिथे दोन्ही आहेत.

यानंतरचं सगळं व्यवहाराचं. पहिली भेट वीस मिनिटांची, दिवसाउजेडी. खायला काही नेणार असाल तर डुकराचं मांस आणि दारू त्यात नको. जिलेटिन असेल तर ते कशाचं आहे ते पाहा. पुरुषाने बाईपुढे किंवा बाईने पुरुषापुढे आपणहून हात करू नये, समोरून आला तर मिळवावा. हल्ल्याचा निषेध करून दाखवा, मग बोलू, ही अट तर मुळीच नको. तुमच्या मुलांचं कसं चाललंय, इथपासून सुरुवात पुरे.

धर्मावर बोलणं निघेलच. मरियमेपासून निघालं तर सोपं जातं. कुराणात नावानं आलेली ती एकमेव स्त्री, 19 वी सूरा (अध्याय) तिच्या नावाची. पण 'सगळं एकच आहे' असं म्हणू नका. क्रुसावरचं मरण कुराण (4:157) नाकारतं, आपला विश्वास त्यावरच उभा आहे. हे सौम्यपणे सांगता येतं, आणि खरं बोलणाऱ्याचा भरवसा वाटतो. मैत्रीचा गळ करू नका, आमिष समोरच्याला लगेच कळतं. बायबलमधलं 1 पेत्र 3:15 हे वचन आपल्या आशेबद्दल उत्तर द्यायला सिद्ध राहा म्हणतं, तेही कुणी विचारलं तर.

धोक्याबद्दल भाबडेपणा नको. कुणी ठरावीक माणसाला किंवा जागेला धमकी दिली, हत्यारं किंवा कटाबद्दल बोललं, तर पोलिसांना कळवायचं आणि तपास स्वतः करायचा नाही. दाढी, बुरखा, नमाज ही कळवायची कारणं नाहीत. यात क्षमेला बाधा येत नाही. बायबलमधल्या पौलाच्या रोमकरांस पत्रातला 12 वा अध्याय स्वतः सूड घेऊ नका म्हणतो, 13 वा शिक्षेचं काम राज्याकडे देतो. अध्याय तेराव्या शतकात पाडले गेले. पौलानं ते सलग लिहिलं होतं.

ज्यांचं स्वतःचं माणूस हल्ल्यात गेलंय, त्यांना मात्र यातलं काहीच लगेच सांगू नका. लिबियात दोन भाऊ गमावलेल्या एका भावानं दूरचित्रवाणीवर मारेकऱ्यांसाठी प्रार्थना केली. ती त्याची देणगी. इतरांना मोजायची पट्टी म्हणून ती वापरणं क्रूरपणा आहे.

सहाव्या भेटीत बाई सांगत होत्या, शेजारणीकडे तिसऱ्यांदा जाणं झालं. बोलता बोलता ती म्हणाली, मार्च 2019 मध्ये न्यूझीलंडच्या मशिदींत 51 माणसं मारली गेली, तेव्हापासून कुणी क्रूस घातलेला दिसला की तिच्या पोटात गोळा येतो. दार उघडण्याआधी तीही जिन्यात कान देऊन थांबायची.

"मला इतका राग आला," बाई म्हणाल्या. "त्या खुन्याशी माझा काय संबंध? मी कशाला उत्तर देऊ त्याचं? मी तर…"

आणि हात तोंडावर ठेवून त्या हसायलाच लागल्या.