विंडोजवर चालतं, लिनक्सवर का नाही? नवीन माणसासाठी थोडं

अरे, डेटाबेसचं काम लिनक्सवर अडलं म्हणून घाबरू नको, सगळ्यांचंच असं होतं. बिल्ड (सोर्स कोडमधून प्रोग्राम तयार करणं) फसलं की लोक शेवटची ओळ बघतात आणि तीच गूगल करतात, तिथेच चुकतं. वर जा, पहिली एरर शोध, खालच्या पन्नास ओळी बहुतेक तिचीच पिल्लं असतात. पोस्टग्रेस (एक डेटाबेस) बिल्ड करण्याआधी मशीन तपासणारी कॉन्फिगर स्क्रिप्ट रीडलाईन (कमांड टाइप करताना लागणारी लायब्ररी) मिळत नाही म्हणाली तर नुसती रीडलाईन असून भागत नाही, तिचं डेव्ह पॅकेज, म्हणजे बिल्डसाठी लागणाऱ्या हेडर फाइल्सचं पॅकेज, लागतं. आणि दुसऱ्या मशीनवरून उचललेला फोल्डर तसाच बिल्ड करू नको, आधी मेक डिस्टक्लीन (जुन्या बिल्डच्या आणि कॉन्फिगरच्या फाइल्स काढणारी कमांड), मग कॉन्फिगर परत चालव.

आता क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न. गोव्यात फोंड्यातल्या एका दुकानाचं बिलिंग मी विंडोज लॅपटॉपवर मायएसक्यूएलमध्ये (हाही एक डेटाबेस) केलेलं, गणेश चवथीच्या आदल्या दिवशी लिनक्स सर्व्हरवर चढवलं आणि टेबलच सापडेना! टेबलचं नाव कॅपिटल सीने आणि क्वेरीत स्मॉल, विंडोजला चालतं, लिनक्सला डीफॉल्टमध्ये नाही. घरी माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळा-पानांची सजावट) बांधायची सोडून मी नावं बदलत बसलेलो.

म्हणून सुरुवातीला एवढंच:
- टेबलांची नावं सगळी स्मॉलमध्ये.
- क्रम हवा तर ऑर्डर बाय लिहायचंच, नाहीतर ओळी कुठल्याही क्रमाने येतील, काल बरोबर आल्या म्हणून आज येतीलच असं नाही.
- ऑर्डर बाय असूनही नावं वेगळी लागली तर दोन्हीकडचं कोलेशन (अक्षरांचा क्रम ठरवणारा नियम) बघ. एकीकडे सगळी कॅपिटलवाली आधी येतात, दुसरीकडे मिसळून.

इंडेक्स, ट्यूनिंग वगैरे आत्ता नको. विचारताना मात्र व्हर्जन, ओएस आणि ती पहिली एरर टाक, स्क्रीनचा फोटो नको रे बाबा, टेक्स्ट टाक.