कास झालं, आता बूच बघ

पुणे, १४ ऑक्टोबर

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. कासला गेलास, साताऱ्याहून वर चढताना गाड्यांच्या रांगेत अर्धा दिवस गेला आणि पठारावर पोचल्यावर, ‘बाई, फोटोत दिसतं तसं काहीच नव्हतं.’ खरं लिहिलंस, बरं वाटलं. तिथून येणारे बाकीचे सगळे मुकाट्याने जांभळे फोटो टाकतात.

कासला बोल लावू नकोस. तिथे आठवड्या-आठवड्याला फुलांची पाळी बदलते. तू एका शनिवारी जाऊन आलास. आदल्या आठवड्यात तिथे काय होतं ते तुला माहीत नाही, पुढच्या आठवड्यात काय येणार तेही नाही. लांबच्या नात्यातल्या लग्नाला जाऊन पंगतीला बसून परत यावं, तसं झालं ते. त्यात तुझंही काही चुकलं नाही, पण मजा येणार कुठून?

तुझ्या घराकडून बसस्टॉपला जाताना डाव्या हाताला उंच, सरळसोट झाडं आहेत. ती बुचाची. सालीपासून बूच करायचे, म्हणून ते नाव. झाड मूळचं ब्रह्मदेशाकडचं, पण पुण्यात इतकं रुळलंय की कुणी त्याला पाहुणं म्हणत नाही. सध्या रोज सकाळी त्याच्याखाली पांढरा सडा असतो आणि तू त्यावरून चपला वाजवत जातोस. उद्या त्यातलं एक फूल उचल. लांबलचक देठ दिसतो ना, तो देठ नाही, ती फुलाचीच नळी. मध तिच्या पार तळाशी. तिथपर्यंत सोंड पोचते ती रात्री उडणाऱ्या पतंगांची. म्हणून फूल पांढरं, म्हणून ते अंधार पडल्यावर उमलतं आणि म्हणूनच वास रात्री. सकाळी तुझ्या पायाखाली येतं ते रात्रपाळी संपवून खाली उतरलेलं फूल. आम्ही शाळेत असताना या नळ्या एकमेकींत गुंफून बिनदोऱ्याच्या वेण्या करायचो. दुपारपर्यंत त्या तपकिरी पडायच्या, तरी कुणी केसांतून काढायची नाही.

एकदा रात्री जेवण झाल्यावर त्या झाडाखाली जाऊन उभा राहा. पाच मिनिटं. फोन खिशात. (त्याच रस्त्यावर पुढे सातवीणही आहे, तिचा वास काहींचं डोकं उठवतो. दोन्ही वासांची गल्लत करू नकोस.)

मग घरी येऊन वहीत लिही: तारीख, जागा, काय दिसलं. एका ओळीपेक्षा जास्त नको, नाहीतर आठ दिवसांत कंटाळशील. तारीख मात्र इंग्रजीच लिही. मी सुरुवातीला तिथी लिहायचे आणि फसले. पार्किंगच्या फरशीवर शेपटी खालीवर आपटत चालणारा धोबी पक्षी ‘घटस्थापनेला आला’ असं लिहून ठेवलं. पुढच्या वर्षी घटस्थापना झाली तरी त्याचा पत्ता नाही, मला वाटलं बिचारा वाटेत गेला. काही दिवसांनी आला की हजर! तिथी दरवर्षी सुमारे अकरा दिवस मागे सरकते आणि अधिक मास आला की पुढे उडी मारते. हिमालयातून आणि त्याच्याही पलीकडून येणाऱ्या पाखराला आपला अधिक मास काय ठाऊक? शेतकरी यात आपल्यापेक्षा हुशार. त्यांची पावसाची नक्षत्रं सूर्यावर चालतात, म्हणून मृग दरवर्षी ७ किंवा ८ जूनलाच लागतो.

तू विचारलंस, गॅलरीतला कढीपत्ता कोण खातंय. फवारू नकोस. मी एका वर्षी तंबाखूचं पाणी मारलं होतं आणि सकाळी कुंडीत पडलेलं बघून फार वाईट वाटलं. पानावर चिमणीची शीट पडल्यासारखं काही दिसलं तर नीट बघ, ती अळी असते. पक्ष्यांनी शीट समजून सोडून द्यावं म्हणून ते सोंग. मोठी झाली की सोंग टाकून पानासारखी हिरवी होते. बोटाने हलकं डिवचलंस तर डोक्यामागून लालसर, दुभंगलेली शिंगं बाहेर काढेल आणि उग्र वास सोडेल. एकदाच डिवच. मग एक दिवस खाणं थांबवून काडीला कमरेभोवती रेशमाचा दोर बांधून टेकून बसेल आणि कोष होईल. पुढे दहा-बारा दिवस रोज सकाळी चहाचा कप घेऊन तिथे जायचं. फुलपाखरू बहुधा सकाळीच बाहेर येतं, पंख ओल्या रुमालासारखे चुरगळलेले. ते सुकेपर्यंत ऑफिसला उशीर झाला तर होऊ दे. पानं परत फुटतात, आमटीपुरता कढीपत्ता भाजीवाल्याकडे मिळतो.

बहाव्याबद्दल नंतर लिहीन. तो फुलला की पंचेचाळीस दिवसांनी पाऊस, असं म्हणतात. माझ्या वहीत हा हिशोब काही वर्षी जमला, काही वर्षी सपशेल फसला. तू तुझा मांडून बघ. मृगाच्या किड्याचं मात्र अवघड आहे. पहिल्या पावसानंतर मातीतून वर येणारा तो लाल मखमलीचा मणी आम्ही काडेपेटीत घालून वर्गात न्यायचो. आठ पाय, म्हणजे किडा नव्हेच, कोळ्याच्या भाऊबंदांतला. पण त्याला वर यायला उघडी माती हवी. आमच्या सोसायटीने गेल्या वर्षी शेवटच्या वाफ्यावरही पेव्हर ब्लॉक बसवले. मी मीटिंगमध्ये बोलले, ‘चिखल होतो हो’ असं उत्तर मिळालं. तुमच्याकडे बोरीच्या झाडामागे अजून थोडी माती आहे, तिच्यावर लक्ष ठेव.

आणि एक काम आत्ताच करून ठेव. १३ मेच्या सुमारास पुण्यात सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो, साडेबारा वाजून एखाद-दोन मिनिटांनी. गच्चीत सरळ उभा डबा ठेवलास तर सावली डब्याखाली जाते आणि मिनिटभर नाहीशी होते. हे वर्षातून दोनदा घडतं, पण दुसरी वेळ जुलैअखेरीस, तेव्हा आपल्याकडे ढगच ढग. म्हणजे मे चुकला की वर्ष गेलं. गच्चीची किल्ली तुमच्या सेक्रेटरींकडे असते ना? ते लगेच देणार नाहीत. आतापासून मागायला लाग.

तुझ्या,
बाई